मोटारीचा टायमिंग-पट्टा : घरीं बदलतांना



मोटारीच्या इंजिनांत एक असा भाग आहे, कीं जो स्वतः कसलीहि शक्ति उत्पन्न करीत नाहीं व गाडीहि ओढीत नाहीं. परंतु तो तुटला म्हणजे चालती गाडी भर रस्त्यांत बंद पडते आणि पुष्कळदां इंजिनाची सारी वरची बाजू खोलावी लागते. गॅरेजांतले लोक त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. आपण त्याला टायमिंगचा पट्टा म्हणूं. तो रबरासारख्या पदार्थाचा, दोन बोटें रुंद असा असून त्याच्या आंतल्या अंगास सारख्या अंतरावर बोथट दांते असतात. इंजिनाच्या एका कडेला झांकणाखालीं तो फिरत असल्यामुळें दहादहा वर्षें गाडी वापरणाऱ्या मालकांनींहि बहुधा तो पाहिलेला नसतो. हा पट्टा घरीं बदलतां येईल काय, आणि बदलावयाचा तर त्यांत खरें लक्ष कोठें द्यावयाचें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

घरांत शिवणयंत्र असेल तर त्याचें चाक हातानें सावकाश फिरवून पाहा. सुई कापडांतून खालीं जाते, किंचित् वर येऊं लागते, दोऱ्याचा लहानसा फांसा पडतो, आणि नेमक्या त्याच क्षणीं शटलचें टोंक येऊन तो फांसा पकडतें. सुई उत्तम आहे, शटलहि उत्तम आहे, पण दोघांची वेळ चुकली तर टांके सुटतात. वेळ फारच चुकली तर सुई शटलवर आदळून मोडते. सुई आणि शटल यांना एका वेळेंत बांधून ठेवण्यासाठींच दांते असलेला रबरी पट्टा अमेरिकेंत १९४० नंतरच्या दशकांत पुढें आला, आणि तेथून तो मोटारीच्या इंजिनांत शिरला. नात्यानें तो शिवणयंत्राकडला आहे, हें ध्यानांत ठेवलें तर पुढचें सारें सोपें जाईल.

इंजिनांतहि अशाच दोन गोष्टींची वेळ जुळवावयाची असते. खालच्या बाजूस दट्टे वरखालीं होऊन क्रँकचा दांडा फिरवितात. वरच्या बाजूस कॅमचा दांडा असतो. त्यावरील उंचवटे झडपा दाबून उघडतात. पहिल्या खेपेस दट्ट्या खालीं जातो व पेट्रोलमिश्रित हवा आंत ओढतो. दुसऱ्या खेपेस वर येऊन ती दाबतो. तिसऱ्या खेपेस ठिणगी पडून पेट होतो व तो खालीं ढकलला जातो. चवथ्या खेपेस वर येऊन जळका धूर बाहेर लोटतो. या चार खेपांत क्रँकचे दोन फेरे होतात आणि प्रत्येक झडप मात्र एकदांच उघडते. म्हणून क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमचा एकच फेरा पडला पाहिजे. यासाठीं कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकाहून बरोबर दुप्पट दांते ठेवतात. क्रँक मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप मिनिटाला १,५०० वेळां, म्हणजे सेकंदाला २५ वेळां उघडते व मिटते. डोळ्याचें पातें एकदां लवण्याच्या आंत कित्येकदां हें घडून जातें, आणि त्या प्रत्येक वेळीं दट्ट्याशीं तिची वेळ जुळलेली असावी लागते.

हें जुळविण्याचें काम पूर्वीं लोखंडी साखळी करीत असे. मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ सालीं ज्यांनीं कायमचा निरोप घेतला, त्या काळ्या-पिवळ्या प्रीमिअर पद्मिनी टॅक्सींच्या इंजिनांत साखळीच होती. त्या इंजिनांत कॅमचा दांडा खालीं, क्रँकच्या शेजारींच असे. त्यामुळें साखळी आंखूड पुरे. पुढें कॅम इंजिनाच्या माथ्यावर नेण्याची पद्धति सर्वत्र रूढ झाली. दोन दांड्यांमधील अंतर वाढलें, साखळी लांब झाली, तिचा आवाज वाढला आणि तिला तेलांत भिजत ठेवण्याची व्यवस्था करणें आलें. दंतुर पट्टा हलका, स्वस्त, बिनआवाजी आणि तेलावांचून चालणारा. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतांतील ग्लास कंपनीनें १९६२ सालीं आपल्या '१००४' या गाडींत तो प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरला. चार वर्षांनीं, १९६६ सालीं, इटलींतील फियाट कंपनीनें लाम्प्रेदी या अभियंत्यानें आंखलेल्या इंजिनांत तो घेतला, आणि मग त्याचा प्रसार झपाट्यानें झाला. आपल्याकडे मध्यम वर्गाच्या दारांत तो आणून ठेवला मारुति ८०० या गाडीनें. ही गाडी १९८३ सालीं निघाली आणि २०१४ सालीं तिचें उत्पादन थांबलें; परंतु तिच्या असंख्य जोडीदारणी अद्याप फिरत आहेत, आणि त्यांच्या तीन नळकांड्यांच्या लहानशा इंजिनाला माथ्यावर एकच कॅम व तो फिरविणारा एक पट्टा, एवढाच संसार आहे. पुढील वर्णन करतांना माझ्या डोळ्यांपुढें मुख्यतः असेंच साधें इंजिन आहे. अलीकडच्या पुष्कळशा गाड्यांत पुन्हां साखळीच आली आहे. तेव्हां आपल्या गाडींत पट्टा आहे कीं साखळी, हें प्रथम गाडीच्या पुस्तकांत पाहून घ्यावें.

पट्टा तुटला तर काय होतें? कॅम जागच्या जागीं थांबतो. त्या क्षणीं ज्या झडपा उघड्या असतील त्या उघड्याच राहतात. क्रँक मात्र वेगामुळें आणखी कांहीं फेरे घेतो आणि दट्टे वर येतच राहतात. कांहीं इंजिनांत उघडी झडप आणि माथ्यावर आलेला दट्ट्या यांच्यामध्यें पुरेशी जागा ठेवलेली असते. तेथें गाडी बंद पडते, पण दुसरें नुकसान होत नाहीं. इतर इंजिनांत ही जागा नसते. तेथें दट्ट्या झडपेवर आदळतो, झडपा वांकतात, आणि क्वचित् दट्ट्यालाहि खोंक पडते. डिझेल इंजिनांत हवा फार दाबावयाची असल्यामुळें माथ्यावर मोकळी जागा जवळजवळ नसतेच, म्हणून तेथें पट्टा तुटणें म्हणजे इंजिनाचा माथा उतरविणें असेंच समजावें. आपलें इंजिन कोणत्या जातीचें आहे याची खात्री नसेल, तर तें दुसऱ्या जातीचें आहे असें धरून चालणें शहाणपणाचें. आणखी एक गोष्ट : गाडी एकाएकी बंद पडून नंतर स्टार्टर नेहमींपेक्षां हलका व भरभर फिरूं लागला, तर पट्ट्याचा संशय घ्यावा आणि पुन्हां पुन्हां किल्ली फिरवूं नये. वांकावयाच्या उरलेल्या झडपा त्या खटपटींत वांकतात.

पट्टा किती दिवस टिकतो? बहुतेक कारखाने ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान कोठें तरी मर्यादा घालतात व तिच्या जोडीला वर्षांचीहि मर्यादा देतात. यांतील जी आधीं भरेल ती पाळावयाची. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तकांतलाच खरा. वर्षांची अट लोक हंसण्यावारीं नेतात. 'गाडी चालतेच कितीशी' असें म्हणतात. परंतु रबर चालण्यानें जसें झिजतें तसें नुसतें बसूनहि म्हातारें होतें. आणि चालण्याचा हिशेबहि थोडा नाहीं. ताशीं सरासरी ४० किलोमीटर धरले तर १ लाख किलोमीटरला २,५०० तास लागतात. मिनिटाला ३,००० फेरे धरले तर तेवढ्या वेळांत क्रँकचे ४५ कोटि फेरे होतात. पट्ट्याच्या पोटांत कांचतंतूंच्या दोऱ्या असतात, त्या त्याला लांबूं देत नाहींत. दांत्यांवर नायलॉनच्या कापडाचें आवरण असतें. वरून काळा कुळकुळीत दिसणारा पट्टा आंतून थकलेला असूं शकतो, आणि तुटण्यापूर्वीं तो करकर करून सूचना देईलच असें नाहीं. म्हणून याला डॉक्टरसारखें तपासून नव्हे, तर पंचांगासारखें तारीख पाहून बदलावयाचें असतें.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. हें काम कोणीं हातीं घेऊं नये, तें आधीं सांगतों. ज्या इंजिनाला दोन कॅम आहेत आणि ज्याच्या पुस्तकांत दांडे जागच्या जागीं अडकवून धरण्याची खास हत्यारें सांगितलेलीं आहेत, तें इंजिन. तसेंच कोणतेंहि डिझेल इंजिन, घरीं खोलूं नये. एका कॅमचें साधें पेट्रोल इंजिन, कारखान्याचें दुरुस्तीचें पुस्तक, चांगले पाने, बोल्टावरील जोर मोजणारा टॉर्क-पाना आणि घाई नसलेला एक संपूर्ण दिवस, एवढें जवळ असेल तरच पुढें जावें. रविवारीं दुपारीं आरंभ करून संध्याकाळीं त्याच गाडीनें लग्नाला जावयाचें असेल, तर गाडी सरळ गॅरेजांत न्यावी.

गाडी सपाट जागीं उभी करून, इंजिन पूर्ण थंड होऊं देऊन, चाकांना उटी लावावी, हातब्रेक ओढावा व गिअर मोकळा ठेवावा. बॅटरीची ऋण तार काढावी, म्हणजे कोणीं चुकून किल्ली फिरविली तरी अनर्थ होणार नाहीं. पट्ट्याच्या बाजूचें चाक काढावें लागलें, तर गाडीचा भार केवळ जॅकवर ठेवूं नये. खालीं पक्का घोडा द्यावा. स्पार्क प्लग काढून ठेवावे. त्यामुळें नळकांड्यांत हवा दाबली जात नाहीं व क्रँक हातानें सहज फिरतो. पुढें ज्या तपासणीवर सर्व कांहीं अवलंबून आहे तिला हा हलकेपणा हवाच.

मग बाहेरचा, डायनामो फिरविणारा पट्टा व दंतुर पट्ट्यावरील झांकण काढावें. क्रँकची बाहेरची पुली काढावी लागते. तिचा बोल्ट कांहीं गाड्यांत फारच घट्ट असतो. तो सोडवितांना क्रँक अडवून धरण्याची रीत पुस्तकांत दिलेली असते, तीच वापरावी. टायमिंगच्या पट्ट्याच्या आधारानें क्रँक अडवूं नये. जुना पट्टा काढण्याआधीं आजकाल प्रत्येकाच्या खिशांत असलेल्या फोननें चार छायाचित्रें घ्यावींत; कोणता बोल्ट कोठला, हें त्यांवरून कळतें. परंतु खुणा कशा जुळाव्यात हें मात्र छायाचित्रावरून ठरवूं नये. आधींच्या माणसानें पट्टा चुकीचा बसविला असेल, तर छायाचित्र त्या चुकीचीच इमानें नक्कल करील.

आतां खुणांचें प्रकरण. क्रँकच्या दंतुर चाकावर एक खूण असते व तिच्या समोर इंजिनाच्या अंगावर दुसरी. तशीच एक जोडी कॅमच्या चाकापाशीं. क्रँकचा बोल्ट धरून, इंजिन ज्या दिशेनें चालतें त्याच दिशेनें क्रँक फिरवावा. बहुतेक गाड्यांत पुलीकडे तोंड करून पाहिलें असतां ती घड्याळाच्या कांट्यांची दिशा असते. क्रँकची खूण जुळली म्हणजे काम झालें असें नवशिक्यास वाटतें. येथें घड्याळाचाच दाखला घ्या. कांटे बारावर आले, पण ते दुपारचे बारा कीं मध्यरात्रीचे? घड्याळ तें सांगूं शकत नाहीं. खिडकीबाहेर पाहावें लागतें. क्रँक दोन फेरे घेतो तेव्हां कॅमचा एक होतो, म्हणून क्रँकची खूण एका संपूर्ण आवर्तनांत दोनदां जुळते. एकदां कॅमची खूण आपल्या जागीं असते, आणि एकदां ती अगदीं उलट बाजूस गेलेली असते. दोन्ही जोड्या एकाच वेळीं जुळल्या तरच दुपारचे बारा झाले. कॅमची खूण उलट दिसली, तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवावा. हें सारें जुना पट्टा चढलेला असतांनाच करावयाचें, म्हणजे दोन्ही दांडे एकमेकांच्या मेळानें फिरतात.

खुणा जुळल्या, कीं पट्ट्याला ताण देणारें लहान चाक, ज्याला टेन्शनर म्हणतात, तें सैल करावें आणि पट्टा हातानें बाजूस सरकवून काढावा. यानंतर नवा पट्टा चढेपर्यंत दोन्ही दांड्यांपैकीं कोणताहि फिरवूं नये. पट्टा गेला कीं झडपा व दट्टे यांच्यांतील करार संपला. क्रँक वेगळा फिरविला तर न तुटलेल्या पट्ट्यामुळेंहि झडप वांकूं शकते. कॅमचें चाक कधीं कधीं झडपांच्या स्प्रिंगच्या रेट्यानें आपोआप किंचित् सरकतें. घाबरूं नये, तितकेंच परत जागीं आणावें.

झांकण उघडें आहे तोंच आजूबाजूची पाहणी करावी. दांड्यांच्या तोंडाशीं तेलाचा ओलावा असेल तर तेथील सील बदलावेंच. कारण तेल हा या पट्ट्याचा मोठा शत्रु आहे. टेन्शनरचें चाक बोटानें फिरवून पाहावें. खरखर लागली तर तें टाकावें. माझ्या मतें पट्ट्याबरोबर टेन्शनर नवाच घालावा. कांहीं इंजिनांत पाण्याचा पंपहि याच पट्ट्यावर चालतो. तो गळूं लागला तर सारें काम पुन्हां करावें लागतें, म्हणून तोहि त्याच वेळीं बदलण्याची चाल आहे. नवा पट्टा दुमडूं नये, पिळूं नये, उलटा करूं नये; आंतल्या कांचतंतूंच्या दोऱ्या मोडतात आणि बाहेरून कांहीं दिसत नाहीं. त्यावर बाण छापलेला असेल तर तो फिरण्याच्या दिशेस ठेवावा. चढवितांना स्क्रू-ड्रायव्हरची तरफ लावूं नये.

पट्टा प्रथम क्रँकच्या चाकावर घालावा. तेथून टेन्शनर ज्या बाजूस नाहीं, त्या बाजूनें तो ताठ ठेवीत कॅमच्या चाकावर न्यावा. सारा ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूस यावा, हें येथलें मर्म. ढिलेपणा दुसऱ्या बाजूस राहिला, तर आतां खुणा जुळलेल्या दिसतील, पण ताण बसतांच कॅम एक दांता सरकेल. मग टेन्शनर मोकळा करून त्याच्या स्प्रिंगला पट्टा ताणूं द्यावा. पाना क्रँकच्या बोल्टावर ठेवून, चालण्याच्या दिशेनेंच, हातानें दोन पूर्ण फेरे द्यावे, आणि त्यानंतर टेन्शनरचा बोल्ट पुस्तकांत दिलेल्या जोरानें आंवळावा. टेन्शनरच्या जाति अनेक आहेत. क्रमांत फरक असेल तर पुस्तक सांगेल तें प्रमाण.

हे दोन फेरे म्हणजे या सर्व कामाचा आत्मा होय. दोनच कां? कारण दोन फेऱ्यांत चारी खेपा पुऱ्या होतात आणि प्रत्येक दट्ट्या प्रत्येक झडपेच्या जवळून एकदां जाऊन येतो. जें आदळावयाचें असेल तें येथें, हाताच्या मंद गतीनें, नुसतें टेकेल. फिरवितांना कोठेंहि लोखंडाला लोखंड लागल्यासारखा ठाम अडसर जाणवला, तर तेथेंच थांबावें, जोर करूं नये, आणि पट्टा उतरवून खुणा पहिल्यापासून लावाव्या. स्टार्टरला ही समज नसते. किल्लीनें पाहिलेली चूक झडपा मोडून कळते, हातानें पाहिलेली चूक फुकट कळते.

दोन फेऱ्यांनंतर चारी खुणा पुन्हां समोरासमोर आल्या पाहिजेत. येथें एक फसगत संभवते. कांहीं नव्या पट्ट्यांवरहि बसविण्याच्या सोयीसाठीं पांढऱ्या रेघा असतात, आणि दोन फेऱ्यांनंतर त्या भलतीकडेच गेलेल्या दिसतात. त्यांत कांहीं बिघडलेलें नाहीं. पट्ट्याच्या दांत्यांची संख्या चाकाच्या दांत्यांच्या पटींत नसली, तर त्या रेघा पुन्हां जुळावयास कितीतरी फेरे लागतात. आपण पाहावयाचें तें चाकावरील खूण आणि इंजिनाच्या अंगावरील खूण एवढेंच.

एका दांत्याचा फरक कितीसा, असें कोणी म्हणेल. कॅमच्या चाकाला ४० दांते आहेत असें धरा. ३६० अंशांना ४० नें भागलें म्हणजे एक दांता ९ अंशांचा झाला, आणि क्रँकच्या हिशेबानें तो १८ अंशांचा. इतक्यानें साध्या इंजिनांत झडप आदळेलच असें नाहीं. गाडी चालूहि होते. ती चढावर दमते, पेट्रोल जास्त पिते, सकाळीं रुसते. माझा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवितो. त्याच्याकडे अशी एक गाडी आली होती, कीं जिचा कार्ब्युरेटर दोनदां बदलून झाला होता, प्लग बदलले होते, मालक पेट्रोलपंपावर भेसळीचा आरोप करून चुकला होता. आणि झांकण काढून पाहिलें तों कॅमची खूण एक दांता मागें. पट्टा बसविणारानें डोळ्यानें अदमास घेतला होता, दोन फेरे देऊन पाहिलें नव्हतें. ताणाचीहि गोष्ट अशीच आहे. सैल पट्टा दांता उडवितो. फार ताणलेला पट्टा शीळ घातल्यासारखा आवाज करतो आणि पंपाच्या व टेन्शनरच्या बेअरिंगांना लवकर मारतो.

खुणा जुळल्या, कीं झांकण, पुली, बाहेरचा पट्टा, प्लग, चाक, बॅटरीची तार, असें उलट क्रमानें चढवावें. क्रँकचा मोठा बोल्ट टॉर्क-पान्यानें पुस्तकांतल्या आंकड्यापर्यंत आंवळावा. येथें मनगटाच्या अंदाजावर विसंबूं नये. हत्यारें मोजून घ्यावींत. झांकणाच्या आंत विसरलेला एखादा वायसर नव्या पट्ट्याचें एका मिनिटांत मातेरें करील. मग इंजिन सुरू करून थोडा वेळ मंद गतीवर राहूं द्यावें व झांकणाशीं कान द्यावा. घासण्याचा किंवा फटफटण्याचा आवाज आला तर लगेच बंद करावें. आवाज सारखा असेल, तर जवळच एक लहान फेरी मारून यावें, आणि इंजिन पुन्हां थंड झाल्यावर खालीं तेलाचा वा पाण्याचा थेंब पडला आहे काय तें पाहावें. सर्व ठीक असेल तर एका चिठ्ठीवर आजची तारीख व मीटरवरील किलोमीटर लिहून ती चिठ्ठी बॉनेटच्या आंतल्या बाजूस, उष्णतेपासून दूर, चिकटवून ठेवावी. जुना पट्टा कापून टाकावा, म्हणजे तो कोणी चुकून दुसऱ्या गाडीला चढविणार नाहीं.